मारामुरेशमधला श्रावण

रोमानियातल्या ब्रेब नावाच्या खेड्यात एका लाकडी घराच्या ओसरीवर बसून माझ्या नणंदबाईंनी श्रावणी सोमवारचा उपवास केला. पानात मिठाबरोबर खायला उकडलेले बटाटे, झाडावरून नुकतीच काढलेली आलुबुखारे आणि मूठभर अक्रोड एवढेच होते. त्यांच्या समोर बसलेल्या यजमानीण बाईंचाही त्या दिवशी उपवासच होता. १ ते १४ ऑगस्ट हे दोन आठवडे ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक मेरीमातेच्या सणाआधीचा उपवास पाळतात. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज हे सारे वर्ज्य असते, मात्र धान्य चालते. आमच्याकडे नेमके उलट, म्हणजे धान्य वर्ज्य आणि दूध चालते. आमच्या मार्गदर्शकाने दोन्ही बाजूंचे नियम एकमेकींना समजावून सांगितले, तेव्हा त्या दोघींनी बोटांवर मोजून दोघींनाही चालणारे पदार्थ शोधले आणि तेवढेच पानात वाढून घेतले. नऊ दिवसांच्या सहलीत आम्ही पुष्कळ काही पाहिले, परंतु या सहलीविषयी कोणी विचारले की मला सर्वप्रथम ती ओसरी आठवते.

मारामुरेश हा रोमानियाच्या उत्तर टोकाचा प्रदेश. तिसा नदीपलीकडे युक्रेन, आणि बाकीच्या बाजूंना कार्पेथियन पर्वताच्या रांगा. आम्ही काही वर्षांपूर्वी पश्चिम युरोपची नेहमीची सहल केली होती. तीत रोज नवे शहर, रोज नवे हॉटेल, आणि प्रत्येक प्रसिद्ध ठिकाणी आपल्यासारख्याच शेकडो प्रवाशांची रांग असे. ती सहल वाईट नव्हती, पण त्या देशांतल्या एकाही घराचा उंबरठा आम्ही ओलांडला नाही, ही रुखरुख मनात राहिली. माझे यजमान कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत. हाताने गवत कापून त्याच्या गंज्या रचणारी गावे युरोपात अजून आहेत, हे त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी मारामुरेशचा ध्यास घेतला. पुण्यातल्या एका छोट्या सहल संस्थेने बारा जणांचा गट जमवला, स्थानिक मार्गदर्शक ठरवला, आणि आम्ही ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईहून एका ठिकाणी विमान बदलून क्लुज शहरात उतरलो. रोमानिया आता शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाला आहे. विमान आणि समुद्रमार्गासाठी मार्च २०२४ पासून, तर जमिनीवरील सीमांसाठी जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे शेंगेन व्हिसावरच हा प्रवास होतो. चलन मात्र युरो नाही, लेउ आहे. खेड्यांत कार्ड चालेलच असे नसते, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ बाळगावी.

पहिल्या रात्रीचे जेवण मनाला लागले. आमच्यातले आठ जण शाकाहारी होते आणि संस्थेने तशी लेखी हमी दिली होती. प्रत्यक्षात हॉटेलात कोंबडीचे तुकडे काढून टाकलेले सूप आले. विचारणा केल्यावर कळले की पुण्याहून शाकाहाराविषयी एक ओळीचा निरोप गेला होता, पण ‘शाकाहारी’ म्हणजे नेमके काय, हे कोणीच कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री आम्ही ब्रेड आणि टोमॅटो खाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्थानिक मार्गदर्शकाने, पस्तिशीतल्या एका शांत स्वभावाच्या तरुणाने, आम्हाला दोन शब्द शिकवले : ‘दे पोस्त’. याचा अर्थ ‘उपवासाचे’. रोमानियात हे दोन शब्द उच्चारले की मांस, अंडी आणि दूध यांपैकी काहीही नसलेले जेवण समोर येते, कारण तिथल्या प्रत्येक सुगरणीला ते लहानपणापासून ठाऊक असते. त्यानंतर आमच्या पानात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला मामालिगा आला, भाजलेली वांगी आणि लाल मिरच्या यांचा झाकुस्का आला, आणि शिजवून घोटलेल्या घेवड्यावर तळलेल्या कांद्याचा थर आला. झाकुस्का पहिल्यांदा खाल्ला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, भरीत. चव थोडी वेगळी, कारण त्यात टोमॅटो अधिक आणि तिखट जवळजवळ नाही, पण वांगे विस्तवावर भाजल्याचा वास तोच.

ब्रेबला आमचा मुक्काम चार रात्री होता आणि या सहलीचे सारे यश त्या चार रात्रींत आहे, असे माझे मत आहे. पुण्यातल्या संस्थेने आखलेल्या मूळ कार्यक्रमात तिथे दोनच रात्री होत्या. मार्गदर्शकाने पत्र लिहून त्या वाढवायला लावल्या, कारण गावाला पाहुण्यांची सवय व्हायला एक दिवस लागतो आणि पाहुण्यांना गावाची सवय व्हायला दोन, असे त्याचे म्हणणे होते.

त्या गावात घरापेक्षा दरवाजा मोठा असतो. ओक लाकडाचे तीन जाड खांब, वर फळ्यांचे छप्पर, मधून बैलगाडी किंवा घोडागाडी जाईल एवढी वाट, आणि शेजारी माणसांच्या ये-जा करण्यासाठी वेगळा लहान दरवाजा. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेले. आमच्या वाड्याच्या मोठ्या दरवाज्याला दिंडी दरवाजा होता आणि रोजची ये-जा त्यातूनच होत असे, त्यामुळे ही रचना पाहिल्याबरोबर ओळखीची वाटली. खांबांवर पीळ दिलेल्या दोराची नक्षी वरपासून खालपर्यंत कोरलेली असते, तिच्यामध्ये सूर्याचे चक्र आणि जीवनवृक्ष. आमच्या घरमालकांच्या दरवाज्यावरचा दोर एका जागी अर्ध्यातच थांबला होता. त्यांचे वडील तो कोरत असताना वारले आणि मुलाने ती जागा तशीच राखली. मी त्या जागेवर हात ठेवला तेव्हा पटाशीचे शेवटचे घाव बोटांना स्पष्ट लागत होते.

आता गवताविषयी, ज्यासाठी आम्ही आलो होतो. ऑगस्टमध्ये तिथे दुसरी कापणी चालू असते. पहिल्या कापणीनंतर फुटलेल्या या कोवळ्या गवताला ‘ओतावा’ असे स्वतंत्र नाव आहे. उतार इतके तीव्र आणि शेतांचे तुकडे इतके लहान की यंत्र सगळीकडे जात नाही, म्हणून लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने उभ्याउभ्या गवत कापतात. आमच्या घरमालकांनी पहाटे पाचच्या सुमारास आम्हाला शेतावर नेले, कारण दव असताना गवत सरळ कापले जाते आणि ऊन चढले की ते पात्याखाली वाकते. त्यांच्या कमरेला एक पोकळ शिंग अडकवलेले होते. त्यात थोडे पाणी आणि पाण्यात धार लावायचा दगड. दहा-बारा हात मारून झाले की ते थांबत, पाते उभे धरत आणि ओला दगड दोन्ही बाजूंनी आळीपाळीने फिरवत. शांत पहाटे त्या दगडाचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत येई, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाच्या शेतातून तसाच आवाज उठे. माझ्या यजमानांनी तो विळा मागून घेतला. त्यांना तो चालवता येईना, तेव्हा त्या गृहस्थांनी मागे उभे राहून त्यांचे दोन्ही हात धरले आणि कमरेतून कसे वळायचे ते शिकवले. दोघेही सत्तरीच्या जवळचे. एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही येत नसताना ते दोघे तासभर शेताच्या एका कडेने गवत कापत पुढे गेले.

कापलेले गवत आधी लाकडी चौकटींवर वाळत घालतात आणि मग खळ्यातल्या तिवड्यासारखा एक उंच खांब रोवून त्याभोवती गंजी रचतात. खांबाजवळचे गवत पायाने तुडवून घट्ट करायचे, बाहेरचे फणीसारख्या दाताळ्याने खाली विंचरायचे, म्हणजे पावसाचे पाणी आत न शिरता बाहेरून ओघळून जाते. मावळात आणि भोर-वेल्ह्याकडे गवताच्या गंज्या मी पाहिल्या आहेत. पण एका दरीत नजर पोहोचेल तिथवर शेकडो गंज्या उभ्या आहेत, असे दृश्य कधी पाहिले नव्हते. हिवाळा लांब आणि बर्फाचा असतो. गाई आणि मेंढ्या त्या काळात याच वैरणीवर जगतात, म्हणून गावाची श्रीमंती गंज्यांवरून मोजली जाते.

दुसरी एक गोष्ट जवळून पाहिली, ती म्हणजे घोंगड्या धुण्याची जागा. ओढ्याचे पाणी लाकडी पन्हळीतून उंचावरून जमिनीत रोवलेल्या फळ्यांच्या मोठ्या रांजणात पडते. रांजण वर रुंद आणि खाली निमुळता, फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या, त्यामुळे पाणी गरगर फिरते आणि खालून निघून जाते. लोकरीच्या जाड घोंगड्या आणि गालिचे त्यात सोडून द्यायचे. पाणीच त्यांना फिरवते, आपटते आणि स्वच्छ करते. साबण लागत नाही, वीज लागत नाही. आसपासच्या गावांतल्या बायका आपापली घोंगडी घेऊन येतात, काठावर बसून गप्पा मारतात आणि मधूनमधून काठीने घोंगडी वरखाली करतात. आमच्यातल्या चौघी-पाच जणी तिथे दोन तास बसल्या. त्या दोन तासांसाठी कार्यक्रमपत्रिकेतले एक संग्रहालय वगळावे लागले आणि त्याबद्दल एकानेही तक्रार केली नाही.

लाकडी चर्चसाठी मारामुरेश प्रसिद्ध आहे. त्यांपैकी आठ चर्च १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. आम्ही त्यांतली पाच पाहिली. शुर्देश्ती इथल्या चर्चचा मनोरा सुमारे ५४ मीटर उंच आहे, आणि तो सगळा लाकडाचा. खाली प्रार्थनेची जागा इतकी लहान की आम्ही बारा जण आत गेलो तेव्हा ती भरून गेली. तुळया कोपऱ्यांवर एकमेकींच्या खाचांत बसवलेल्या, लाकडाच्याच खुंट्यांनी पक्क्या केलेल्या, आणि वर लाकडी चिपांचे छप्पर. हंगेरियन राजवटीत ऑर्थोडॉक्स रोमानियन लोकांना दगडी चर्च बांधायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी लाकडात एवढी उंची गाठली, असे तिथे सांगतात. बुदेश्तीच्या चर्चमध्ये पिंत्या नावाच्या बंडखोराचे साखळ्यांचे चिलखत आणि शिरस्त्राण जपून ठेवले आहे. श्रीमंतांना लुटणारा आणि गरिबांना राखणारा हा पिंत्या १७०३ मध्ये मारला गेला, आणि आजही त्याचे नाव घेताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईकांच्या गोष्टी ज्या आवाजात सांगतात, तोच हा आवाज.

यांतली बहुतेक चर्च कुलूपबंद असतात आणि किल्ली शेजारच्या एखाद्या घरी असते. मार्गदर्शकाचे खरे मोल इथे कळते. पोयेनिले इझेई गावात त्याने एका अंगणात हाक मारली, पिठाने भरलेले हात पदराला पुसत एक आजी बाहेर आल्या, वीतभर लांबीची लोखंडी किल्ली घेऊन आमच्या पुढे चालू लागल्या आणि चर्चचे दार उघडून स्वतःच आम्हाला भिंती दाखवू लागल्या. दाराजवळच्या भिंतीवर नरकाची चित्रे आहेत. प्रत्येक पापाला त्याची स्वतंत्र शिक्षा. जत्रेत यमयातनांची चित्रे विकायला असत, ती मी लहानपणी घाबरत घाबरत पाहिली आहेत. वाचता न येणाऱ्या माणसाला आचार शिकवण्याचा मार्ग दोन्हीकडे एकच होता. आजींनी एका चित्रापाशी थांबून आवाज खाली आणला आणि काहीतरी सांगितले. मार्गदर्शकाने ते भाषांतर न करता आधी त्यांची परवानगी विचारली. त्या म्हणाल्या होत्या की लहान असताना आई त्यांना या चित्राकडे पाठ करून उभी करत असे.

प्रसिद्ध छायाचित्रांत दिसणारा बर्साना इथला भव्य लाकडी मठ १९९० नंतरचा आहे, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते. युनेस्कोच्या यादीतले जुने चर्च त्याच गावात टेकडीवर आहे, आणि बहुतेक गाड्या तिकडे वळतच नाहीत. आमची वळली.

सपिंत्सा गावच्या दफनभूमीला ‘आनंदी दफनभूमी’ म्हणतात. स्तान इओन पत्राश या कारागिराने १९३५ मध्ये इथे ओकचे क्रॉस कोरून निळ्या रंगात रंगवायला सुरुवात केली आणि १९७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम केले. आज तिथे आठशेहून अधिक क्रॉस आहेत. वरच्या भागात त्या माणसाचे चित्र असते, मागावर बसलेली बाई, मेंढ्यांमागचा धनगर, ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी, आणि खाली त्याच्याच तोंडी घातलेल्या गावच्या बोलीतल्या यमक जुळवलेल्या ओळी. मला आपले वीरगळ आठवले. तिथेही दगडाच्या थरांमधून माणूस कसा जगला आणि कसा पडला हे कोरलेले असते. मात्र ‘आनंदी’ हे नाव मला पटले नाही. एका लहान मुलीच्या क्रॉसवर तिला मोटारीने उडवल्याचे चित्र आहे आणि ओळींमध्ये ती त्या मोटारीला शाप देते. मार्गदर्शकाने त्या ओळींचा अर्थ सांगितला, तेव्हा गटातल्या सगळ्यांनी कॅमेरे खाली ठेवले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सिगेत शहरात होतो. तिथला १८९७ सालचा तुरुंग आता साम्यवादी राजवटीच्या बळींचे स्मारक आहे. कवयित्री आना ब्लांदियाना यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. रोमानियाचे माजी पंतप्रधान युलिउ मानिउ १९५३ मध्ये इथल्याच कोठडीत मरण पावले. याच शहरात १९२८ मध्ये लेखक एली विझेल यांचा जन्म झाला. १९४४ च्या मे महिन्यात इथल्या ज्यू लोकांना रेल्वेगाड्यांत भरून नाझींच्या ऑशविट्झ मृत्युछावणीत पाठवले गेले, त्यांत पंधरा वर्षांचे विझेल आणि त्यांचे कुटुंब होते. त्यांना पुढे १९८६ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. साधे, बैठे, कोपऱ्यावरचे घर. सुंदर प्रदेशाच्या सहलीत ही दोन ठिकाणे असू नयेत, असे आमच्या गटातल्या एका काकांचे मत होते. मला ते मान्य नाही. ज्या दरीत आपण गंज्यांची छायाचित्रे काढतो, त्याच दरीतून त्या गाड्या गेल्या, हे प्रवाशाला माहीत असले पाहिजे.

विशेउ दे सुस इथली ‘मोकानित्सा’ ही जंगलातली लाकडे वाहण्यासाठी घातलेली, रुळांमध्ये ७६० मिलिमीटर अंतर असलेली छोटी रेल्वे. वासेर नदीच्या काठाने ती सुमारे २१ किलोमीटर आत जाते. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना ती लगेच आपली वाटेल. तिकीट आधी काढून ठेवावे आणि नदीच्या बाजूची जागा मिळवावी.

दुसऱ्या दिवशी, १४ ऑगस्टला, प्रिस्लोप खिंडीकडे जाताना मोइसेई गावाजवळ आमची गाडी थांबली. समोरून रस्ता भरून माणसे येत होती. पुढे क्रॉस आणि पताका धरलेली मुले, मागे पांढऱ्या शुभ्र कपड्यांतल्या मुली, त्यांच्यामागे काठी टेकत चालणारी म्हातारी माणसे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच भजन. १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणासाठी गावोगावचे लोक मोइसेईच्या मठाकडे पायी निघाले होते. प्रत्येक गावाचा जथा वेगळा, त्याच्या पताका वेगळ्या. आम्ही सगळे पुण्याचे. ज्येष्ठातल्या पालख्या पाहत लहानाचे मोठे झालेले. कोणी काही सांगण्याची गरज नव्हती. नणंदबाईंनी चप्पल काढून रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडले. जथ्यातल्या एका बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, चालता चालता मान झुकवली आणि पुढे गेल्या. सहल व्यवस्थापक वेळेचा हिशेब करत होता, पण मार्गदर्शकाने त्याला खुणेनेच थांबवले. आम्ही तिथे तासभर उभे होतो.

१४१६ मीटर उंचीची खिंड ओलांडली की बुकोविना लागते. तिथले चित्रांकित मठ जगप्रसिद्ध आहेत, आणि माझी या सहलीविषयीची एकमेव मोठी तक्रार इथे आहे. एका दिवसात चार मठ आखले होते. स्तेफान चेल मारे या राजाने १४८८ मध्ये चार महिन्यांच्या आत बांधून घेतलेल्या वोरोनेत्सच्या पश्चिम भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र वरपासून खालपर्यंत पसरलेले आहे. बाहेरच्या भिंतींवरची ही चित्रे १५४७ सालची, आणि त्यांतला निळा रंग अजून ताजा आहे. पण उत्तरेच्या भिंतीवरची चित्रे वाऱ्यापावसाने जवळजवळ पुसून गेली आहेत. त्या दोन भिंतींमधून एकदा इकडे, एकदा तिकडे असे हिंडायला निदान अर्धा दिवस हवा. आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली. सुचेवित्सा मठावरचे शिडीचे चित्र आणि मोल्दोवित्सा मठावरचे कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याचे चित्र मी पाहिले खरे, पण आज डोळे मिटले तर ती चित्रे वेगवेगळी दिसत नाहीत. जाणाऱ्यांनी मारामुरेश आणि बुकोविना यांपैकी एकच निवडावे, किंवा दोन्हींना मिळून बारा-तेरा दिवस द्यावेत. गट बारा जणांहून मोठा नसावा, कारण त्याहून जास्त माणसे तिथल्या घरांत मावत नाहीत आणि चर्चमध्येही नाहीत.

ब्रेबहून निघताना यजमानीण बाईंनी नणंदबाईंच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी दिली होती आणि मार्गदर्शकाकरवी बजावले होते की ती वाटेत उघडायची नाही, पुढच्या सोमवारी उघडायची. कोथरूडला परतल्यावर सोमवारी संध्याकाळी, महादेवाला जाऊन आल्यावर, आम्ही ती उघडली. आत गेल्या वर्षीचे सोललेले अक्रोड होते, आणि चुलीच्या धुरावर वाळवलेली, घराभर वास दरवळवणारी काळी आलुबुखारे.